वऱ्हाडाने भरलेला पगार

माझे आबा अचलपूरशेजारच्या परतवाड्याला कधी परतवाडा म्हणाले नाहीत. ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणायचे आणि बंडी जुंपायचे. लहानपणी मला कॅम्प हे बाजाराचंच नाव वाटायचं. तिथे छावणी होती, तिच्यातली फौज हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रजांच्या हुकमातली फौज होती आणि तिचा पगार आमच्याच वऱ्हाडाच्या साऱ्यातून जायचा, हे मला चाळिशीनंतर कळलं. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

शाळेत तैनाती फौजेवर पाच मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा. वेलस्ली, 1798, सगळ्यात आधी निजाम. मग 1802 चा वसईचा तह, पेशव्याने फौजेसाठी तोडून दिलेला 26 लाखांचा मुलूख. ‘फौजेचा खर्च संस्थानिकाने करायचा’ हे वाक्य उत्तरात आलं की मार्क मिळायचे. संस्थानिक तो खर्च कुठून करणार आणि जमलं नाही तर पुढे काय होणार, हे कोणी विचारलं नाही. आमच्या गुरुजींनीही नाही, आणि त्यांचं शेत अचलपूर तालुक्यातच होतं.

निजामाने तैनाती फौजेचे पैसे एकदा चुकते केले होते. टिपूच्या राज्यातून त्याच्या वाट्याला आलेला कडप्पा-बेल्लारीकडचा मुलूख 1800 च्या तहात त्याने ईस्ट इंडिया कंपनीला कायमचा देऊन टाकला, तो या फौजेच्या खर्चापोटीच. विषय तिथे संपायला हवा होता. पण त्याच तहात एक कलम होतं: लढाई झाली तर निजामाने आपले 6 हजार पायदळ आणि 9 हजार घोडेस्वार मदतीला द्यायचे. या कलमाच्या आडोशाने हेन्री रसेल या रेसिडेंटने (निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी फौज उभी केली. हीच पुढची कंटिन्जंट. 1817-18 ची मराठ्यांविरुद्धची लढाई संपली तरी ही फौज घरी गेली नाही. हुकूम रेसिडेंटचा, अधिकारी इंग्रज, त्यांचे पगार भरमसाट, आणि खर्च निजामाच्या माथी. वर्षाला 40 लाखांच्या आसपास.

पगार थकले की पामर कंपनी नावाची पेढी निजामाला कर्ज द्यायची, शेकडा 24 च्या घरातल्या व्याजाने. ते फेडायला 1823 मध्ये निजामाने आंध्र किनाऱ्यावरच्या ‘उत्तर सरकार’ नावाच्या मुलखापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळणारी वर्षाची 7 लाखांची पेशकश, म्हणजे खंडणी, कायमची सोडली आणि त्या बदल्यात तिच्याकडून सुमारे 1 कोटी 16 लाख घेतले. ते सावकाराच्या घशात गेले. फौज होती तिथेच, पगार पुन्हा थकू लागले. आता ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या खजिन्यातून पगार द्यायची आणि रक्कम निजामाच्या नावावर मांडायची. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांचा अबकारी महसूल मात्र वर्षानुवर्षं कंपनीकडेच जात होता. तो हिशेबात धरला तर कर्ज उरतच नाही, असं हैदराबादचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही.

मला सगळ्यात जास्त चीड गव्हर्नर जनरल डलहौसीची येते. शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. प्रामाणिक माणूस म्हणून आपण तसं सांगू शकत नाही, अशा अर्थाचे त्याचे शब्द आहेत. आणि याच माणसाने 1853 मध्ये वसुलीचा तगादा लावून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाकडून काढून घेतले. त्यांचा महसूल 50 लाखांचा धरला होता. त्यातून 5 हजार पायदळ, 2 हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या पोसायच्या, आणि उरेल ते निजामाला द्यायचं.

निजामाच्या कारभाराची तरफदारी मी करणार नाही. त्याचे इजारदार, म्हणजे वसुलीचा ठेका घेतलेले लोक, रयतेला पिळायचे, हे आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. पण रयत मोकळी झाली का? तिचा सारा आता दुसऱ्या खजिन्यात जाऊ लागला, एवढंच.

1858 मध्ये ह्यू रोज झाशीवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी होत्या. राणीच्या किल्ल्यावर तोफा डागणाऱ्या सैन्यात वऱ्हाडातल्या ज्वारी-कापसाच्या पैशावर पोसलेली माणसं होती. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

1860 मध्ये नवा तह झाला. 1857 च्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून 50 लाखांचं कर्ज माफ केलं, धाराशिव आणि रायचूर परत दिलं. वऱ्हाड ठेवलं. आणि वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने यापुढे मागायचा नाही, असं कलम घातलं. कारभारावर किती खर्च करायचा तेही इंग्रजांनीच ठरवायचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, कापसाचे भाव आभाळाला भिडले, अमरावती-खामगावच्या बाजारांत पैसा खेळू लागला. आणि नेमक्या त्याच काळात हिशेब विचारायची सोय उरली नव्हती.

निजामाचा दिवाण सालारजंग याने फौजेच्या खर्चाची हमी रोख पैशात द्यायची तयारी दाखवली, वऱ्हाड परत मागितलं. 1876 मध्ये तो इंग्लंडला जाऊन आला. हात हलवत परतला. शेवटी 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. लगेच 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विरघळवली. ज्या फौजेसाठी वऱ्हाड घेतलं ती फौजच उरली नाही, तरी वऱ्हाड सोडलं नाही.

हीच रीत सगळ्या देशाला लावली होती. 1867-68 ला ॲबिसिनियात लढायला हिंदी पलटणी नेल्या आणि त्यांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिला. इंग्रज सोल्जरला इंग्लंडमध्ये भरती करून कवायत शिकवायचा खर्चही दर डोई आपल्याकडून वसूल केला. 1897 मध्ये गोखले लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले ते याच खर्चाचा जाब विचारायला, आणि दादाभाई त्या कमिशनचे सभासद होते. ही नावं पुस्तकात आहेत. वऱ्हाडाची गोष्ट का नाही? अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, एवढा मुलूख पन्नास वर्षं एका फौजेसाठी गहाण होता आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला अर्धं पान मिळत नाही.

निजामाला हिशेब मिळाला नाही. पण सारा भरणाऱ्याच्या हातात पावती पडायची. तुमच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, आजोबा-पणजोबांच्या 1903 च्या आधीच्या सारा-पावत्या किंवा पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरातले कागद असतील, तर त्यांचे फोटो कमेंटमध्ये टाका. गाव आणि साल तेवढं लिहा. कागद फाटका असला तरी चालेल. आमच्या घरच्या दोन सापडल्या आहेत, त्या मी खाली टाकतो आहे.