‘नुसत्या प्रश्नावलीने काय बिघडतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

माणसांवरच्या संशोधनाला, मग ती नुसती प्रश्नावली का असेना, नैतिकता समितीची (भाग घेणाऱ्यांना इजा होणार नाही ना, हे आधी तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हवी, असं मी लेखात म्हटलं होतं; तुम्ही त्याला ‘कागदी घोडे’ म्हणालात. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांना जपण्याची तत्त्वं मांडणाऱ्या बेल्माँट अहवालाचं साल माझ्या लेखात चुकलं होतं, हे मान्य. अमेरिकेत कायदा होऊन तो लिहिणारा आयोग नेमला गेला १९७४ मध्ये, अहवाल आला १९७९ मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार. पण तेवढ्यावरून ‘अभ्यास न करता लेखणी चालवणाऱ्या बाई’ म्हणायचं काय कारण होतं? मतभेद असू द्या की, ही भाषा कशाला?

तुम्ही लिहिता, “औषधाच्या चाचणीचं समजू शकतो, पण नुसत्या प्रश्नावलीने कुणाचं काय बिघडतं?” हे वाक्य मला रात्रभर खुपत राहिलं.

१९६० च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लॉड हम्फ्रीज पीएच.डी. करत होते. सार्वजनिक स्वच्छतागृहांत चोरून भेटणाऱ्या पुरुषांवर त्यांचं संशोधन होतं. त्यांनी या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि साधारण वर्षभराने, वेश बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेले. हातात काय होतं? प्रश्नावलीच. त्यातले निम्म्याहून जास्त विवाहित होते आणि असे संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता. ती यादी फुटली असती तर नोकरी, संसार, अब्रू, काय उरलं असतं? सुई टोचली नाही म्हणजे इजा नाही, हे तुम्ही कुठे शिकलात?

मूल गमावलेल्या आयांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत. तुम्ही घेतल्यात? चौथ्या प्रश्नाला एक बाई थांबल्या. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. संमतीपत्रावर सही होती, म्हणून मी पाचवा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं, कारण सही केली म्हणजे आता उठता येत नाही असं त्यांना वाटत होतं. ‘कधीही थांबू शकता’ हे कागदावर होतं, मी तोंडाने सांगितलं नव्हतं. पुढे नैतिकता समितीतल्या एका सदस्याने विचारलं, “थांबायचं असेल तर त्यांनी काय म्हणायचं, हे ठरवलंय का?” तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीआधी मी सांगते, “नुसतं बास म्हणा, मी वही मिटेन.” याला तुम्ही कागदी घोडे म्हणता!

मंजुरीला लागणारा वेळ, फॉर्मची लांबी वगैरे बाकीच्या तक्रारींवर पूर्वी लिहून झालंय, इथे पुन्हा नको.

वीस वर्षं संशोधन करताय म्हणता. त्या वीस वर्षांत तुमची प्रश्नावली अर्धवट टाकून किती जण उठून गेले? एकही नसेल, तर सगळे राजीखुशीने बसले होते असं मानायला मी तयार नाही.