साडेनऊचे दहा करताना

माझ्याकडे बेसबॉलचं एक कार्ड आहे, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, हौशी लोक जमवतात तसलं. मला बेसबॉल कळत नाही. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली, पण सातव्या इनिंगच्या मध्यावर अख्खं स्टेडियम उभं राहून गाणं का म्हणतं, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. तरीही कार्डाचा विषय निघाला की मी आवरत नाही, म्हणून बायको पाहुण्यांना दारातच सावध करते.

कार्ड आहे केन ग्रिफी ज्युनियरचं. १९८९ साली अपर डेक नावाच्या नव्या कंपनीनं आपला पहिला संच बाजारात आणला आणि त्यातला पहिला क्रमांक दिला या पोराला. तोवर तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. त्याचा मरिनर्स संघाच्या टोपीतला फोटोही नव्हता. मग कंपनीनं काय केलं, तर सॅन बर्नार्डिनोच्या छोट्या संघातला फोटो घेतला आणि टोपी रंगवून टाकली. म्हणजे मुळात फोटोच बनवलेला. आणि आज मोठमोठी माणसं त्याच कार्डाच्या कडांचा अस्सलपणा भिंगातून तपासत बसतात.

मी घेतलं तेव्हाच हे कार्ड डबीबंद होतं. या डबीला हौशी मंडळी स्लॅब म्हणतात. कार्ड तपासणीच्या कंपनीकडे पाठवायचं. तिथला जाणकार ते दिव्याखाली धरून बघतो, छपाई मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झडल्यात का, वर ओरखडा आहे का. मग दहापैकी गुण देतो. नंतर ते अडीच बाय साडेतीन इंचांचं कार्ड प्लास्टिकच्या दोन जाड भागांमध्ये ठेवतात आणि ध्वनिलहरींनी ते भाग असे सांधतात की पुन्हा उघडूच नयेत. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर गुण. माझ्या चिठ्ठीवर साडेनऊ होते.

साडेनऊ म्हणजे पंचाण्णव टक्के. आमच्या घराण्यात एवढे कुणालाच मिळालेले नाहीत. पण बाजाराला घराण्याचं काय? या कंपनीचे साडेनऊ आणि त्या कंपनीचे दहा, यांच्या भावात एवढी तफावत की तेवढ्यात मुंबईचं परतीचं तिकीट निघावं, तेही दिवाळीतलं. कार्ड तेच, ग्रिफी तोच, त्याची रंगवलेली टोपीही तीच. फक्त डबी बदलायची.

हा बेत मी व्हिडिओ कॉलवर आबांना सांगितला. आबा सांगलीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. बोर्डाचे पेपर तपासण्यात आणि नंतर मॉडरेटर म्हणून त्यांचे कित्येक उन्हाळे गेले, त्यामुळे प्रकरण त्यांना लगेच कळेल अशी माझी आशा होती.

“म्हणजे निकाल लागलाय, पण तुला मान्य नाही.”

“तसंच काहीसं.”

“मग फेरतपासणीला टाक की.”

तशी सोय आहे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. दुसऱ्या कंपनीला कार्ड डबीसकट पाठवायचं आणि कमीत कमी किती गुण हवेत ते लिहून द्यायचं. तेवढे द्यावेसे वाटले तरच ते डबी उघडतात, नाहीतर जशी होती तशी परत. एवढी सुरक्षित वाट असताना ती कुणाला आवडत नाही, कारण प्रतिस्पर्ध्यानं दिलेले गुण समोर दिसले की तपासणाऱ्याचा हात आखडतो, असा मंडळींचा ठाम समज आहे.

“आखडतोच,” आबा म्हणाले. “आधीच्यानं लाल शाईत लिहिलेले गुण बघून मी कधी दोन गुणांच्या वर हललो नाही.”

“म्हणूनच आबा, डबी आधी घरी फोडायची. मग चिठ्ठी नाही, गुण नाहीत. कार्ड कोरं.”

आबा जरा वेळ गप्प बसले.

“म्हणजे आधी गुणपत्रिका फाडायची आणि मग फेरतपासणीचा अर्ज करायचा.”

“हो.”

“आणि कमी पडले तर?”

“तर कमी.”

“पहिले गुण परत मिळतात?”

“नाही.”

“थांब, आईला देतो फोन.”

आईपर्यंत गेलेल्या विषयात कधी कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून मी नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

आबांना काय सांगू, या धंद्याची सुरुवातच अशी झाली आहे. पीएसए ही यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी १९९१ साली उभी राहिली. तिनं तपासलेलं पहिलं कार्ड म्हणजे टी-२०६ नावाच्या जुन्या संचातला होनस वॅग्नर हा खेळाडू, मालक आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार. गुण मिळाले आठ. कडा इतक्या सुरेख की बघणारे चाट पडायचे. त्या इतक्या सुरेख का, याचं उत्तर २०१३ साली मिळालं. पूर्वी ते कार्ड ज्याच्या हातातून गेलं होतं त्या बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्यानं कोर्टात कबूल केलं की कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरं तर गुणच द्यायचे नसतात. पण तोवर ते अठ्ठावीस लाख डॉलरना विकून झालं होतं.

तर डबी फोडणे. यावर इंटरनेटवर जेवढं ज्ञान आहे तेवढं मुलांच्या संगोपनावरही नसेल. मी दोनच हत्यारं घेतली, बारीक तोंडाची कटर पक्कड आणि चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर. डोळ्यांना कारखान्यातला मोठा चष्मा. पोरगा झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर जुना पंचा अंथरला आणि बायकोला टॉर्च धरायला बसवलं.

कार्डापासून लांबचा, म्हणजे चिठ्ठीकडचा कोपरा आधी पकडीत धरायचा. दाबायचं. काही होत नाही. आणखी दाबायचं. तरी काही होत नाही. आणि मग आपण श्वास सोडतो तेव्हाच कट्‌कन आवाज होऊन कोपरा उडतो. पहिला तुकडा माझ्या चष्म्यावर आपटला. दुसरा थेट उघड्या राहिलेल्या मिसळणाच्या डब्यात.

“मोहरी की जिरं?” मी विचारलं.

“हळद,” बायको म्हणाली. “पिवळ्यातलं पारदर्शक प्लास्टिक तूच शोधणार आहेस.”

कोपरा गेला की फटीत स्क्रू ड्रायव्हर सारायचा आणि हलकेच पिळायचा. हलकेच हा शब्द सगळे वापरतात, पण हलकेच पिळून काही उघडत नाही. जोर लावावा तर पातं सुटून आत घुसायची भीती, आणि आत ग्रिफी हसतोय. अर्ध्या तासानं झाकण करकरत उठलं. आत कार्ड आणखी एका पातळ पिशवीत. ती कात्रीनं वरून कापली, दोन्ही बाजूंनी दाबून तिचं तोंड उघडलं आणि कार्ड पंचावर ओघळलं. उघडं, बिनगुणाचं.

बायको वाकून बघत होती. “या कोपऱ्याला पांढरं दिसतंय.”

“कुठे?”

“हे काय, खाली.”

भिंग आणलं. खालच्या डाव्या कोपऱ्याला खसखशीच्या दाण्याएवढंही नव्हतं, पण पांढरं होतं. आता प्रश्न एवढाच की हे आधीपासून होतं की आत्ताचं. बायकोचं म्हणणं, आत्ताचं. माझं म्हणणं, डबीच्या काठाखाली ते दडलेलं होतं. तिनं डबीचे तुकडे जुळवून काठ कुठपर्यंत येतो ते दाखवलं, तेव्हा मी चष्मा काढला आणि फुंकर मारायला तोंड पुढे केलं. “थुंकी उडेल!” असं ती ओरडली, तेव्हा कळलं की ती आता माझ्याहून जास्त गुंतली आहे.

रात्री बाराला कार्ड पातळ पिशवीत, पिशवी अर्धवट कडक पाकिटात, पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये असं बांधलं. सकाळी पोस्टात विमा उतरवला. किती किमतीचा, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी अडखळलो. कारण काल संध्याकाळी ते साडेनऊचं कार्ड होतं, आणि आज ते कार्ड होतं.

काही आठवड्यांनी निकाल लागला. नऊ. अर्धा नाही, पाव नाही, सरळ नऊ. आबांना कळवलं.

“कोणाचे गुण खरे धरायचे?”

“दुसऱ्यांचे भाव जास्त आहेत आबा.”

“मग नऊला किती मिळतात?”

“पहिल्यांच्या साडेनऊला मिळत होते त्याहून कमी.”

या वेळी त्यांच्याकडचं नेटवर्क गेलं.

यात माझा एक फायदा मात्र कुणाच्या लक्षात आलेला नाही. प्रत्येक कंपनी आपल्याकडे कोणत्या कार्डाला किती वेळा किती गुण दिले याची जाहीर मोजदाद ठेवते. डबी फोडली की आतली चिठ्ठी कंपनीला परत पाठवायची, म्हणजे ते त्यांच्या यादीतून एक आकडा कमी करतात, असा सभ्य लोकांचा रिवाज आहे. मी पाठवलेली नाही. त्यामुळे कागदोपत्री पहिल्या कंपनीत एक साडेनऊचा ग्रिफी आहे आणि दुसऱ्या कंपनीत एक नऊचा, आणि दोन्हींचा मालक मीच. बायको दर रविवारी चिठ्ठी पाकिटात घालून तिकीट लावून ठेवते. मी दर सोमवारी म्हणतो, उद्या टाकतो.