१९५३ च्या पुराचे फोटो आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. नेदरलँड्समधल्या १९५३ च्या पुराचे फोटो मी दिले, त्यावर तुम्ही लिहिलंत: "गमबूट घातलेली राणी युलियाना, हेलिकॉप्टर, वाळूची पोती वाहणारे जवान. ही सरकारी जाहिरात झाली, इतिहास नव्हे. काढून टाका." तुमचा राग मला समजतो, मागणी मात्र पटत नाही.

३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकदमच आली. झीलंड हा किनारी प्रांत आणि शेजारच्या भागांतले समुद्र अडवणारे बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. वीज नाही, टेलिफोन बंद, रस्ते पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी पुन्हा भरती आली आणि रात्रभर छपरांवर तग धरलेली कित्येक माणसं घरांसकट वाहून गेली. त्या घटकेला मदतीला होते ते शेजारीपाजारी आणि होड्या घेऊन निघालेले मच्छीमार. त्यांचे फोटो जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेरे पोचले ते मागाहून, हेलिकॉप्टरांच्या सुमाराला. मच्छीमारांवर हा अन्यायच झाला. पण म्हणून हाती आहेत ते फोटो खोटे ठरत नाहीत.

विमानातून काढलेला एखादा फोटो निवांत बघा. पाण्यात सरळ रांगेत झाडं उभी दिसतात, तो बुडालेला रस्ता. बांधाची चिंचोळी पट्टी तेवढी कोरडी, तिच्यावर गुरं दाटीवाटीने उभी. खिंडारांतून समुद्र रोज दोनदा आत शिरायचा आणि बाहेर पडायचा. त्यामुळे एकाच गावाच्या एका फोटोत खिडकीला लागलेलं पाणी दिसतं, तर दुसऱ्यात नुसता चिखल. ओहोटीच्या फोटोखाली 'पूर ओसरला' असं छापलं की वाचक फसतो. प्रत्यक्षात झीलंडमधल्या आउवरकेर्क गावाजवळचं शेवटचं खिंडार बुजवायला नोव्हेंबर उजाडला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उभारलेल्या तात्पुरत्या बंदरांसाठी बनवलेल्या काँक्रीटच्या पेट्यांसारख्या अजस्र पेट्या तिथे बुडवाव्या लागल्या. जाहिरातच करायची असती तर हे महिनोन्‌महिन्यांचं चिखलातलं काम कोणी टिपलं असतं?

आणखी एक. त्याच वर्षी तिथल्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने या फोटोंचं पुस्तक काढलं आणि त्याचे पैसे पूरग्रस्तांच्या निधीला दिले. म्हणजे फोटोंनीही मदतीचं काम केलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

राणीचा फोटो राहील. त्याच्याखाली आता मच्छीमारांबद्दल चार ओळी येतील, आणि भरती-ओहोटीची वेळ जिथे ठाऊक आहे तिथे तीही.