जिराफ काय, दिसतोच की!

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सफारीला निघालाय ना? मग आत्ताच ठरवून टाका, जिराफासाठी गाडी थांबवायची नाही. पहिला दिसेल तेव्हा एकदा काय ते "अय्या, जिराफ!" करून घ्या, फोटो काढा, स्टेटसला टाका आणि विषय संपवा. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने जिराफ बघून ब्रेक मारलाच तर मागच्या सीटवरून आवाज आला पाहिजे, "अहो जिराफ काय दाखवताय, सिंह कुठंय ते बघा, एवढे पैसे भरलेत!" आमच्या गाडीत एक काका होते. वीस फुटांवर जिराफ उभा, बाभळीचे ते बोट बोट लांबीचे काटे, आणि त्यांच्या मधून ती हातभर निळसर काळी जीभ आत घालून हा गडी आरामात पाला ओढतोय, काका भडंगाचा डबा बंद न करता म्हणाले, "आमच्या गावची शेळी पण असंच खाते."

हेच धोरण ठेवायचं. अठरा फुटी जनावर लांबून दिसतं म्हणजे भरपूर असणारच ना. कुणी आकडे काढलेच, की १९८५ ला दीड लाख होते आणि २०१५ ला ९७ हजार उरले, तर शांतपणे म्हणायचं, अजून लाखभर आहेत की! हत्ती आफ्रिकेत चार लाखाच्या घरात आहेत, म्हणजे एका जिराफामागे चार हत्ती, पण हत्ती वाचवायचा असतो हे आपल्याला शाळेत शिकवलंय, जिराफ पोर्शनला नव्हता. आणि तुम्ही ज्याच्यासाठी गाडी थांबवणार नाही आहात तो मसाई जिराफ तीसेक वर्षांत जवळपास निम्मा झालाय म्हणे. असेल. आपल्याला तर दिसला.

तो राहतो कुठे याची चौकशी तर अजिबात नको. माराच्या आजूबाजूला सामायिक कुरणं होती, त्यांचे प्लॉट पडले, नावावर झाले आणि तारेची कुंपणं आली. यात मराठी माणसाला काही खटकायचं कारण नाही, आपण पण एनए प्लॉट घेतला की आधी तार मारतो, घराचं नंतर बघू. जिराफाला पलीकडे जायचंय तर जाईल उडी मारून, पाय काय कमी लांब आहेत? (उडी त्याला धड जमत नाही, पण ते त्याने बघावं.) २०२१ ला केनियातच सोयसांबू नावाच्या राखीव क्षेत्रात विजेच्या तारा जिराफाच्या उंचीपेक्षा खाली होत्या, शॉक लागून तिघं मेले. चूक अर्थात जिराफांचीच. मान खाली घालून जगायची सवय नको?

युगांडात मर्चिसन फॉल्स नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जुन्या टायरमधली तार काढून फास लावतात. लावतात हरणाबिरणासाठी, अडकतो जिराफाचा पाय, आणि तो जेवढा ओढेल तेवढी तार आत रुतते. ती काढायला भुलीचं इंजेक्शन मारतात, पण आडवा पडला की लगेच उतारा द्यावा लागतो नाहीतर मरेल, म्हणजे तो शुद्धीवर आणि पाच-सात माणसं त्याच्या मानेवर झोपून त्याला धरून ठेवणार, मग एक जण तार कापणार. असला व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला तर डिलीट मारा, लोक जेवत असतात.

आता सगळ्यात धोकादायक गोष्ट, ही तर कुणाला सांगूच नका. नायजरमध्ये १९९६ ला फक्त ४९ जिराफ उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत. अभयारण्यात नाही हो, कूरे गावाच्या आसपास, वस्त्यांना लागून, लोकांच्या शेतातली चवळी खात. शिकारबंदी केली, गावातल्या पोरांना गाईडची कामं दिली, आणि एका अत्यंत गरीब देशाने ते करून दाखवलं. हे एकदा बाहेर फुटलं की "आपल्या हातात काय आहे" हे आपलं हक्काचं वाक्य गेलं ना बोंबलत!

परतताना हाडावरचं कोरीव काम दिसेल, मस्त असतं, घ्या, फक्त हाड कुणाचं ते विचारू नका, उगाच भाव करताना मूड जातो. आणि २१ जूनला जागतिक जिराफ दिन असतो, वर्षातला सगळ्यात लांब दिवस सगळ्यात लांब मानेला दिलाय, पण त्याच दिवशी आपला योग दिन पण येतो. तेव्हा मानेचे दोन व्यायाम जास्त करा, डावीकडे एक, उजवीकडे एक, झालं.