सांडशीच्या कचाट्यात

आमच्या घरातली सांडशी वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. आईच्या रुखवतातल्या भांड्यांबरोबर ती या घरात आली आणि तेव्हापासून दूध, आमटी आणि चहा यांच्या पातेल्यांची ने-आण तिने एकही रजा न घेता केलेली आहे. अशा या ज्येष्ठ सदस्येत काहीतरी मूलभूत दोष आहे, असा शोध मला प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षी लागला. खरे सांगायचे तर तो लागावा अशी अभ्यासक्रमाचीच अट होती. घरातील एक वस्तू निवडायची, तिच्या वापरातील अडचणी शोधायच्या आणि आठ आठवड्यांत ती नव्याने घडवून ज्यूरीसमोर, म्हणजे परीक्षक मंडळासमोर, ठेवायची, असे चौथ्या सत्रातील त्या विषयाचे स्वरूप होते. वर्गातील चपळ मुलांनी पाण्याची बाटली, टेबलावरचा दिवा आणि मोबाइलचा स्टँड या वस्तू पहिल्या पाच मिनिटांत पटकावल्या. (अडचण असो वा नसो, दिवा चित्रात चांगला दिसतो.) माझ्या वाट्याला सांडशी आली.

पहिल्याच तासाला मॅडमनी ईम्स दांपत्याचा दाखला दिला. सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाणी यावा, तसा हा दाखला डिझाइनच्या वर्गात येतोच. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी १९५८ साली एक अहवाल लिहिला, आणि या देशात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्यांना सर्वाधिक भावला तो आपला लोटा. तो डोक्यावर, कमरेवर की हातात नेला जाईल, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, तो आतून घासता येईल का, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल, अशा प्रश्नांची लांबलचक यादीच त्यांनी दिली आहे. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी) उभी राहिली आणि पुढे माझ्यासारख्यांचीही सोय झाली. लोटा कोण्या एका माणसाने घडवलेला नसून तो अनेक पिढ्यांनी मिळून घडवलेला आहे, हा त्याच अहवालातील मुद्दा मात्र मॅडमनी तास संपता संपता सांगितला आणि मी दप्तर भरता भरता ऐकला. माझ्याकडे आठ आठवडे होते.

संशोधनाचा पहिला नियम असा की, वापरकर्त्याचे निरीक्षण करावे, त्याच्या कामात लुडबुड करू नये. त्यानुसार मी सकाळी सहा वाजता वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मुलगा सहाला उठलेला पाहून वापरकर्ती आधी घाबरली, मग तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि या गडबडीत दूध उतू गेले. वहीत मी प्रामाणिकपणे नोंद केली : ‘दूध उतू गेले. कारण : निरीक्षक.’

दुसऱ्या दिवशी मी ‘पाच वेळा का’ ही पद्धत वापरली. टोयोटा उद्योगसमूहाचे जनक साकिची टोयोडा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत सांगते की, एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारले की अडचणीच्या मुळाशी पोचता येते.

“सांडशी डाव्या हातात का धरतेस?”

“उजव्या हातात डाव असतो म्हणून.”

“दोन्ही कामं एकदम का करतेस?”

“हाताखाली कुणी नाही म्हणून.”

“का नाही?”

“ती वही ठेव खाली आणि कोथिंबीर निवड.”

टोयोडांना पाच पायऱ्या लागत असत. आमच्याकडे मूळ तिसऱ्याच पायरीवर हाती लागले.

आठवडाभराच्या नोंदींतून एक गोष्ट मात्र अशी निघाली की, ती कुठे मांडावी हेच कळेना. पातेले उचलण्याच्या १४ प्रसंगांपैकी ९ वेळा आईने सांडशीला हातही लावला नव्हता. ओट्यावरचे फडके दुमडून तिने काम भागवले होते. यावरून काही मूलगामी निष्कर्ष निघू शकला असता, परंतु फडके हा विषय टेक्स्टाइल विभागाच्या हद्दीत जातो.

मग मापांचा आठवडा आला. एनआयडीने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय शरीरमापांच्या पुस्तकात हाताच्या पंजापासून बसल्या जागी गुडघ्याच्या उंचीपर्यंत माणसाचा सगळा हिशेब मांडलेला आहे. डिझाइन सहसा पाचव्या शतमकापासून पंचाण्णवाव्या शतमकापर्यंतच्या माणसांसाठी करायचे असते. म्हणजे शंभर जणांना हातांच्या आकारानुसार ओळीने उभे केले, तर दोन्ही टोकांच्या पाच-पाच जणांचा नाद सोडायचा. मी मोठ्या निष्ठेने दांड्यांची जाडी, त्यांची लांबी आणि त्यांच्यामधले अंतर ठरवले आणि मग सहज म्हणून आईचा पंजा मोजला. तो पाचव्या शतमकाच्या खाली निघाला. माझ्या सांडशीने देशातील नव्वद टक्के जनता पोटात घेतली होती. जिच्या ओट्यावर ती राहणार होती, ती तेवढी बाहेर राहिली होती.

निरीक्षणे पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर गटवार चिकटवण्याचाही एक विधी असतो. मी तो फ्रिजच्या दारावर केला. आईनेही त्याच गठ्ठ्यातून चिठ्ठ्या घेतल्याचे माझ्या लक्षात आले नाही, आणि ‘गॅसचा नंबर लावणे’ ही चिठ्ठी ‘वापरकर्त्याच्या अपूर्ण गरजा’ या गटात महाविद्यालयापर्यंत जाऊन आली. ती सर्वांत अस्सल असल्याचा शेरा तिला मिळाला.

साहित्यासाठी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. पॉलिशपेपर, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) आणि प्रायमर ही यादी वाचून दुकानदाराने विचारले, “काय बनवायचंय?” मी म्हणालो, “सांडशी.” त्याने एकवार माझ्याकडे पाहिले आणि सहानुभूतीने सांगितले, “तुळशीबागेत तयार मिळते की.”

पुढचे दोन आठवडे मी फक्त घासत होतो. पीयू फोमचा, म्हणजे नमुने करायच्या कडक प्लॅस्टिक फोमचा, ठोकळा कापायचा, मग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासायचा, मग १२०, मग २२०. खड्डे दिसले की लांबी भरायची, ती वाळली की ४०० नंबरने पुन्हा घासायचे. नंबर वाढत जातो तसा कागद मऊ होत जातो आणि माणूस खरखरीत. चार वर्षांच्या या पदवीत ‘घासणे’ या क्रियापदाचा वाटा किती, हे माहितीपत्रकात कधीच छापत नाहीत. हे सारे मी गच्चीत करीत होतो, आणि दिवस वाळवणाचे होते. फोमची धूळ आणि कुरडई यांचा रंग जवळजवळ एकच असल्यामुळे नुकसान नेमके किती झाले, हे अखेरपर्यंत ठरवता आले नाही. सगळेच वाळवण टाकून द्यावे लागले. त्या दिवशी आई काहीही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे किती नंबरचे असते हे मला ठाऊक आहे.

ज्यूरीच्या आदल्या दिवशी त्रिमितीय छपाई करून काढलेली सांडशी हाती आली. यंत्राला अकरा तास लागले होते. ती राखाडी, गुळगुळीत आणि खरोखर देखणी होती; मधला रिबीट दिसू नये म्हणून मी त्यावर एक गोल टोपण बसवले होते. ती पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची होती. हे प्लॅस्टिक मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून तयार करतात आणि ते सुमारे ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. हे मला माहीत नव्हते असे नाही. परीक्षेत यावरच टीप लिहून मी पाचापैकी चार गुण मिळवले होते. ती केवळ दाखवण्यापुरती आहे, असे मी सांगणार तोच आईने कौतुकाने ती उचलून दुधाच्या पातेल्याला लावली. पातेले ओट्यापासून चार बोटे वर आले असेल-नसेल, तोच माझ्या सांडशीने मान टाकली. आईने डाव्या हाताने, न बघता, जुनी सांडशी ओढली आणि पातेले हवेतच झेलल्यासारखे पकडले. वापरकर्ती सांडशी डाव्या हातात का धरते, याचे एक उत्तर माझ्या वहीत राहूनच गेले होते.

ज्यूरीसमोर मी संगणकावरची चित्रे दाखवली. त्यांत माझी सांडशी पांढऱ्याशुभ्र पोकळीत तरंगत होती आणि आसपास एकही पातेले नव्हते. बाहेरून आलेले परीक्षक शांतपणे सारे पाहत होते. मग त्यांनी टोपणावर बोट ठेवून एवढेच विचारले, “हा रिबीट ढिला झाला तर काय करायचं?” मी टिकाऊपणावर बोलू लागलो. त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि पहिल्याच आठवड्यातली एक नोंद मोठ्याने वाचली : ‘रविवार. सांडशी ढिली झाली. आईने ती उलट्या खलावर ठेवून बत्त्याने दोन ठोके दिले. पुन्हा घट्ट.’ नोंदीपुढे माझ्याच अक्षरात ‘विशेष महत्त्वाचे नाही’ असा शेरा होता.

मी उत्तीर्ण झालो. निरीक्षणांना चांगले गुण मिळाले, वस्तूला बेताचे. फोमच्या नमुन्यांपैकी एक आता स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत बसवलेला असतो आणि तिथे तो अगदी मापात बसतो. पुढच्या सत्राचा विषय परवाच जाहीर झाला : चिरण्याची आणि कापण्याची साधने. जेवताना मी ही बातमी घरात सांगितली. त्या रात्रीपासून आमची विळी मला दिसलेली नाही.