फाईलचं नाव ‘यूटिल्स’च ठेवा

परवा शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. “अहो, काही बिलांत एक रुपया कमी येतोय.” एक रुपया! मी हसलो. जेवून बघतो म्हणालो. शनिवारी पहाटे साडेतीनला लॅपटॉप मिटला तेव्हा हसू कुठच्या कुठे गेलं होतं. पण त्या रात्री जे ज्ञान मिळालं ते एकट्यानेच पचवणं बरं दिसत नाही. म्हणून, एकदा लिहिलेला कोड दुसऱ्या-तिसऱ्या प्रोजेक्टात कसा वापरावा, हे तुम्हालाही सांगून टाकतो.

आधी फाईलचं नाव. ‘यूटिल्स’, म्हणजे किरकोळ उपयोगाच्या वस्तू, असं ठेवा. फारच घासून गुळगुळीत झालंय असं वाटलं तर ‘हेल्पर्स’, ‘कॉमन’ किंवा ‘मिस्क’. नाव असं हवं की आत काय आहे याचा सुगावा कुणालाच लागू नये. मग मोबाईल नंबर तपासणारं फंक्शन (म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा), पीडीएफ बनवणारं, आर्थिक वर्ष काढणारं, सगळं तिथेच कोंबता येतं. घरातल्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरसारखं. बटणं, संपलेले सेल आणि रेशनकार्डाची झेरॉक्स.

नावाच्या पुढेमागे कंपनीचं किंवा प्रोजेक्टचं नाव लावायचा मोह टाळा. जावा भाषेत कोड लिहिणारे आपलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, उलटं करून प्रत्येक पॅकेजच्या (कोडच्या गठ्ठ्याच्या) पुढे लावतात, त्यांना टाइप करायची हौस. सी भाषेत नेमस्पेस, म्हणजे नावांना आपापलं वेगळं घर देण्याचा प्रकारच नाही, तर एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी बनवणाऱ्यांनी आपल्या, बाहेरून हाक मारायच्या एकूण एक फंक्शनच्या सुरुवातीला ‘एसक्यूलाइट३’ चिकटवलं. आपल्याला एवढा वेळ कुठे? पत्रावर नुसतं ‘वडगाव’ लिहून टाका. बुद्रुक, खुर्द, शेरी की मावळ, ते पोस्टमन बघून घेईल. त्याला पगार कशाचा मिळतो?

दुसऱ्या फाईलमधला कोड आपल्याकडे घेताना, म्हणजे इम्पोर्ट करताना, नेहमी स्टार, म्हणजे त्यातलं सगळंच एकदम.

सी प्लस प्लसवाल्यांनी ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही, भाषेच्या लायब्ररीतली सगळी नावं मोकळी करणारी ओळ थेट हेडर फाईलमध्ये, म्हणजे इतर फाईली आपल्यात ओढून घेतात त्या फाईलमध्ये, टाकावी. म्हणजे जो कुणी ती हेडर घेईल त्याच्याकडे आपली सगळी वरात न विचारता मुक्कामाला. पुढे २०१७ च्या आवृत्तीत भाषेने ‘बाइट’ नावाचा स्वतःचा प्रकार आणला, आणि विंडोजच्या हेडरमध्ये त्याच नावाचा एक आधीपासून ठाण मांडून होता. अशा वरातीत दोघांची गाठ पडली की कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा, म्हणतो, कुठला बाइट ते सांगा. सांगत बसा.

पायथनवाल्यांनी आपल्या फाईलला ‘ईमेल’ किंवा ‘रँडम’ नाव द्यावं. भाषेबरोबर येणाऱ्या लायब्ररीत याच नावांचे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत, आणि पायथन त्यांच्याआधी आपली फाईल उचलतो. नव्याने आलेल्या पोराचा पहिला आठवडा मजेत जातो.

आता मुख्य सल्ला. दुसऱ्या प्रोजेक्टातला कोड हवा असेल तर त्याचं पॅकेज वगैरे करू नका. पायथनमध्ये, कोड कुठल्या फोल्डरांत शोधायचा याची ‘सिस डॉट पाथ’ नावाची यादी असते, तिच्यात सगळ्यात वर त्या प्रोजेक्टचं फोल्डर घुसवा. एका ओळीचं काम. आमच्याकडे हेच केलंय. बिलिंग आणि रिपोर्ट्स, दोन प्रोजेक्ट. दोघांचंही आपापलं ‘यूटिल्स’, कारण पहिला सल्ला दोघांनी पाळलेला. दोन्हींत ‘राउंड ऑफ’ नावाचं फंक्शन. बिलिंगवाल्याने पन्नास पैसे झाले की पुढचा रुपया धरला, कारण जीएसटी कायद्याचं कलम १७० तसंच सांगतं. रिपोर्ट्सवाल्याने पायथनचं तयार ‘राउंड’ वापरलं. आणि पायथन ३ चं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की सम संख्येकडे झुकतं. १२.५० चे १२, १३.५० चे मात्र १४. म्हणजे चूक रोज दिसणार नाही, सगळ्या बिलांत दिसणार नाही. पन्नास पैशांवर संपणाऱ्या, त्यातही सम रुपयांच्या बिलांत तेवढी दिसणार. शोधा!

बरं, पायथनचा नियम असा की ‘यूटिल्स’ नावाचं काहीही एकदा लोड झालं की तो ते लक्षात ठेवतो, आणि नंतर त्या नावाने कुणीही हाक मारली तरी तेच हातात ठेवतो. जो आधी आला तो पाटील. गेल्या मंगळवारी कुणीतरी सर्व्हरच्या मुख्य फाईलमध्ये वरच्या बाजूला डॅशबोर्ड इम्पोर्ट करणारी एक ओळ टाकली. डॅशबोर्ड रिपोर्ट्सला घेऊन आला, रिपोर्ट्स आपलं यूटिल्स घेऊन आला, आणि मागून आलेल्या बिलिंगला ते परक्याचं यूटिल्स मिळालं. एररही नाही, कारण फंक्शनचं नाव तेच! टेस्टमध्ये बिलिंग आधी लोड होतं, त्यामुळे टेस्ट सगळ्या हिरव्यागार. आणि मी इकडे रात्री एक वाजता बिलिंगचं यूटिल्स उघडून बसलोय. कोड बरोबर. पुन्हा वाचतोय, बरोबरच. आत प्रिंट टाकला तर तो छापलाच जात नाही. वाचतोय एक फाईल, चालतेय दुसरी! आधी वाटलं सर्व्हर रीस्टार्ट झाला नाही. तीनदा रीस्टार्ट केला. पावणेतीनला अक्कल आली आणि त्या मॉड्यूललाच विचारलं, बाबा रे, तू नक्की कुठल्या फोल्डरातून आलास? त्याने रिपोर्ट्सचा पत्ता दिला. अरे, एक रुपया! एका रुपयासाठी आठ तास!

असो. सल्ला चालू होता. नावं भिडली तर मागे आकडा लावा. यूटिल्स२. मग यूटिल्स_न्यू.

कंपनीच्या अंतर्गत पॅकेजचं नाव बाहेरच्या पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज भांडारावर, मोकळं आहे का, हे तर मुळीच तपासू नका. २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने जाहीर केलं की त्याने मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावं हुडकून, त्याच नावांची आपली पॅकेजं सार्वजनिक रजिस्ट्रीवर चढवली होती. आवृत्तीचा आकडा मोठा दिसला की इन्स्टॉलर बाहेरचंच उचलायचा. त्याचा कोड तीसहून अधिक कंपन्यांच्या आत जाऊन चालला, ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसकट. त्याने बक्षिसं घेतली, तो भला माणूस होता. पुढचा तसाच असेल, काळजी नको.

आणि पायथनमध्ये ‘इम्पोर्ट धिस’ ही ओळ कधी चालवून बघू नका. तिथे टिम पीटर्स या पायथनच्या विकासकाने लिहिलेली पायथनची तत्त्वं छापून येतात आणि त्यातलं शेवटचं नेमकं नेमस्पेसचं कौतुक करतं. उगाच लाज वाटायची.

छे, नाही जमत आता ही थट्टा.

अहो, मराठी माणसाला हे शिकवावं लागतं? गावात पोराला नाव विचारलं आणि तो ‘संजय’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न काय असतो? “कुणाचा रे?” नावाला बापाचं नाव, त्याला आडनाव, त्याखाली मु. पो., ता., जि. नेमस्पेस दुसरं काय असतं? लग्नपत्रिकेवर हे सगळं बिनचूक छापता आणि फाईलला नाव देताना तुमची बोटं दुखतात. एक फोल्डर करायचं, त्याला कंपनीचं नाव द्यायचं, आत पैशांची फाईल वेगळी, तारखांची वेगळी. सोबत पॅकेजची माहिती सांगणारी दहा ओळींची पायप्रोजेक्ट फाईल. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने इन्स्टॉल करा आणि ती सिस डॉट पाथची ओळ उडवा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी शनिवारी दुपारी झोपेतून उठून केलं, चहा निवायच्या आत फोल्डर तयार होतं. उरलेला वेळ तुमचे स्टार इम्पोर्ट उपटण्यात गेला, तो वेगळा हिशेब.

आणि ते ‘हेल्पर्स२’ कुणाचं आहे? त्यातही एक राउंड ऑफ आहे, मी बघितलंय. सोमवारी दहाच्या आत येऊन सांगा.