पांढऱ्या चौकोनाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

विद्यापीठाच्या कलादालनातल्या यंदाच्या हिवाळी प्रदर्शनांवर मी जो लेख लिहिला, त्याखालची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. काल सकाळी पुन्हा वाचली तेव्हा निम्मा उतरला. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण आपण अंबाजोगाईहून पहाटेची एसटी धरून येता, सगळ्या खोल्या फिरता, बाहेर लिंबाखाली बसून डबा खाता आणि परतीच्या गाडीत हादरे खात मोबाइलवर एवढं टाइप करता. मग उत्तरही ऐसपैस द्यायला हवं.

इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. शेतातली माती गोण्यांत भरून आणली आणि फरशीवर ओतली, ती कला कशी? त्यातल्या एका चौकोनावर रोज पाणी मारायचं, तेही मराठवाड्यात? पांढरा चौकोन तर चुना सांडल्यासारखा. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर काय चाललं होतं ते तिथल्या कुणालाच सांगता येईना. शाळेतल्या नोकरीत आपण अजिंठ्याला सत्तावीस सहली नेल्यात. तो अजिंठा शंभर किलोमीटरवर असताना या मुलांना धड मनुष्याकृती काढता येऊ नये? लिनोकटची, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेल्या छापचित्रांची खोली तेवढी बरी होती. आणि शेवटचं, माझ्यावरचं : ‘तुमचा लेख मराठीत आहे हे फक्त अक्षरांवरून कळलं.’ हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे.

तर आधी तेच घेतो. मी ‘अवकाशाच्या विखंडित अनुभूतीतून स्मृतीचं पुनर्वाचन’ असं लिहिलं होतं. याचा अर्थ काय, असं आज कुणी विचारलं तर मी चहा आणायला उठेन. कलेवर लिहिताना ही भाषा अंगात कशी शिरते कळत नाही. बहुतेक कॅटलॉग वाचून वाचून. समोरची वस्तू नीट बघितली नसली की असली वाक्यं भराभर सुचतात, एवढं मात्र माझ्या लक्षात आलंय. अंधाऱ्या खोलीतल्या व्हिडिओला मी ‘अस्वस्थ करणारा अनुभव’ म्हटलं. प्रत्यक्षात तिथं खुर्ची नव्हती, गुडघे दुखायला लागले, आवाज नीट येत नव्हता, आणि सात मिनिटांत मी बाहेर पडलो. अस्वस्थ झालो होतो हे खरं, पण ते गुडघ्यांमुळे. त्या खोलीबद्दल आपण लिहिलंत ते मान्य. मनुष्याकृतीचंही बरंचसं मान्य. शेवटच्या खोलीतले ते भलेमोठे कॅनव्हास मलाही कच्चे वाटले. जिथं हाताचा पंजा जमला नाही तिथं रंगाचा फराटा मारून वेळ निभावलेली दिसते, आणि आपल्यासारख्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार कसं?

मातीच्या खोलीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

पहिली गोष्ट, ती माती ओतलेली नव्हती. कोरडी माती ओतली तर तिचा नुसता ढीग होतो, तिला भेगा पडत नाहीत. ते काम करणाऱ्या मुलानं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून एकेक गोणी आणली, दगड-काड्या निवडून चाळली, पाण्यात भिजवली, पायानं तुडवून चिखल केला आणि चार बोटं जाडीचे आठ चौकोन फरशीवर थापले. आपल्या लहानपणी घर सारवायला माती कशी मळायचे ते आठवा, तशीच. मग नुसतं वाट बघणं. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पहिल्या आठवड्यात सगळे चौकोन जवळपास सारखेच काळपट, गुळगुळीत होते. तिसऱ्या आठवड्यात एकेकाचा स्वभाव बाहेर यायला लागला. एक फाटून त्यात करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या, दुसऱ्याला नुसतीच जाळी, तिसऱ्याचा भुगा. मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा निराळं बघितलं. आपण एकदाच आलात, तेही शेवटच्या आठवड्यात. यात आपली चूक नाही. पण ज्या कामात बदलत जाणं हाच मुद्दा आहे, त्याचा आपल्याला फक्त शेवट दिसला.

पाण्याचं सांगतो. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती फवाऱ्याची बाटली होती, दिवसाला एक. तो एकच चौकोन ओला राहिला आणि म्हणून त्याला भेग नाही. तो चौकोन लातूरचा होता. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा हा मुलगा तिथं मामाकडं शाळेत होता आणि रोज संध्याकाळी घागर घेऊन रांगेत उभा राहायचा. पाण्याची किंमत त्याला आपण सांगावी असं नाही. सगळ्या जिल्ह्यांना सोडून लातूरच्याच मातीला बाहेरून आणलेलं पाणी का, हे एकदा कळलं की मला तरी तो चौकोन विसरता येत नाही.

खर्चाचा उल्लेखही आपण ओझरता केलाय. युरियाच्या रिकाम्या गोण्या, एसटी, आणि दोन ठिकाणी कंडक्टरनं फाडलेलं लगेजचं तिकीट. खोली फुकट मिळाली एवढीच काय ती मदत.

आता तो पांढरा चौकोन. सर, ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द आपल्याला मी समजावून सांगणं म्हणजे फारच झालं. पण तरुण वाचक आहेत म्हणून लिहितो. गावाची शेतजमीन ती काळी, आणि गावठाण, जिथं घरं असतात, ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलीची राख मिसळून गावाखालची जमीनच पांढुरकी होते. त्या खोलीत आठ चौकोन काळीचे होते आणि नववा पांढरीचा.

ती पांढरी त्यानं कुठून आणली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली. माळवदाची घरं, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि मातीचं जड छत. झोपलेली माणसं त्याखालीच गेली. मग गावं उठून नव्या जागी गेली, पत्र्याची आणि सिमेंटची, सरळ रेषेत आखलेली. या मुलाचं गाव त्यांपैकीच एक. तो जन्मला भूकंपानंतर दहा वर्षांनी, नव्या गावात. जुनं गाव त्यानं पाहिलेलं नाही. आई दाखवायची : इथं आपला वाडा होता, इथं बाळंतिणीची खोली. तिथं आता बाभळी आहेत. त्या जागेवरची अर्धी गोणी माती म्हणजे आपल्याला दिसलेला सांडलेला चुना. तिला त्यानं भिजवलं नव्हतं, थापलंही नव्हतं, नुसती चाळून पसरली होती. मी कारण विचारलं, तर म्हणाला, ‘ती एकदा पडलीय, पुन्हा कशाला थापू?’

हे आपल्याला तिथं कुणीच सांगितलं नाही. भिंतीवरच्या पट्टीवर इंग्रजीत काय होतं, तर ‘अनटायटल्ड, नऊ भाग, माती’. बस्स. माझा खरा राग इथं आहे आणि तो आपल्या रागाच्या शेजारीच बसतो. मराठवाड्याची माती, मराठवाड्याचा मुलगा, बघायला येणारे मराठवाड्याचे, आणि पट्टी मात्र इंग्रजीत. मीही लेखात हे सांगायचं सोडून ‘विखंडित अनुभूती’ लिहीत बसलो.

काही लोक म्हणतील की कलाकृतीनं स्वतःच बोललं पाहिजे, पट्टी कशाला. मला हे पटत नाही, आणि माझा साक्षीदार आपला अजिंठाच आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतराची जातककथा रंगवलेली आहे. गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला तिथं राजपुत्र, रथ, दान मागणारे ब्राह्मण दिसतील. पण हत्ती, रथ, पोटची पोरंसुद्धा देऊन टाकणारा माणूस दिसणार नाही. सत्तावीस सहलींमध्ये मुलांना ती गोष्ट आपणच सांगितली असणार ना? सांगितल्यामुळं चित्र कमी झालं का?

आणि माती म्हणाल, तर अजिंठ्यातही आधी मातीच आहे, सर. टाकीचे घाव राहिलेल्या खडबडीत दगडावर गवत, तूस, तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, आणि मग रंग. जिथं रंग उडालेत तिथं खालची माती दिसते, तिच्यातल्या काड्यासुद्धा. मला तो भागही बघत राहावासा वाटतो. हा थोडा आडवळणाचा मुद्दा झाला, माहीत आहे.

मुलांनी अजिंठ्याच्या नकला कराव्यात, असं आपण सुचवलंत. हात तयार व्हायला ते उत्तमच. पण त्या नकलांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. मेजर रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करातला चित्रकार १८४४ च्या सुमारास इथं आला आणि वर्षानुवर्षं मोठमोठ्या नकला करत राहिला. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आला. त्यांतल्याही पुष्कळ नकला पुढं लंडनमध्येच आगीत गेल्या, आणि चित्रं उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर फासलेलं वॉर्निश मात्र मागे राहून पिवळं पडलं. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होता. अजिंठ्यावर हात घासून झाल्यावर त्यानं पुढं काय रंगवलं? अजिंठ्याचा पद्मपाणी नव्हे. आपल्या पारशी घरातली माणसं, त्यांचे उंबरे, त्यांची दुपार. ग्रिफिथ्सच्या हाताखालचा तो शिक्षणाचा भाग मला या उलट वाटेमुळं जास्त पटतो.

आपण पकडण्याआधी एक गोष्ट मीच सांगून टाकतो. खोलीत माती भरण्याची कल्पना या मुलाची पहिली नाही. वॉल्टर डी मारिया या अमेरिकन कलावंतानं १९७७ साली न्यूयॉर्कच्या एका इमारतीत अख्खा मजला बावीस इंच जाडीच्या मातीनं भरला. १९८० पासून तो कायमचा लोकांसाठी खुला आहे. आपल्याकडे शीला गौडा या कलावंतानं १९९२ नंतर शेण हेच माध्यम केलं. मुलानं हे मोबाइलवर पाहिलं असणारच, मी विचारलं नाही. पण न्यूयॉर्कमधली ती माती कुणाच्या शेतातली, हा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. आपल्याकडं पहिला प्रश्न तोच पडतो.

तो कसा पडतो हे मी प्रत्यक्ष पाहिलं. दालनावर एक शिपाईमामा असतात, फुलंब्रीकडचे. आपण आलात त्या दिवशी ते रजेवर होते, हे आपलं दुर्दैव. त्यांना मुलानं काहीच समजावलं नव्हतं. ते चपला काढून कडेनं फिरले, खाली बसले, दोन बोटांत ढेकूळ चुरलं. ‘ही गोदाकाठची. गाळ हाय. ही लै हलकी, बाजरी येईल, कापूस नाही यायचा. ही चोपण दिसती, पाणी पीतच नाही.’ मुलानं यादी काढून ताडून पाहिलं. एक जिल्हा सोडला तर मामांचं सगळं बरोबर. पांढऱ्या चौकोनापाशी आले आणि म्हणाले, ‘ही शेतातली नव्हं. ही घराची.’ आणि मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते खोली दाखवायचे. माझ्या लेखापेक्षा त्यांचं निवेदन शंभर पटीनं चांगलं होतं, आणि मी ते लेखात घेतलं नाही, कारण ते मला ‘समीक्षा’ वाटलं नाही!

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपण मुलांकडून स्मरणचित्रं करून घेतली असतील. नदीकाठचा घाट, आठवडी बाजार, बसस्टँड. समोर काही नाही, आठवून काढायचं. न पाहिलेल्या गावाचं स्मरणचित्र या मुलानं पेन्सिलीनं काढलं असतं तर आपण त्याला किती गुण दिले असते, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मला वाटतं त्यानं पेन्सिल वापरली नाही ते बरं केलं. आपल्याला वेगळं वाटू शकतं आणि त्यावर बोलायला मला आवडेल.

प्रदर्शन उतरलं. काळी माती मामांनी गोण्या भरून घराकडं नेली, वाफ्यात मेथी लावलीय म्हणाले. पांढरीची अर्धी गोणी मुलानं कुणालाच दिली नाही.

लिनोकटची खोली, जी आपल्याला आवडली, ती अजून पंधरा दिवस लावलेली आहे. त्यातल्या ऊसतोडीच्या चित्रांच्या पट्ट्या मी स्वतः मराठीत लिहून दिल्यात आणि त्यांनी त्या लावल्यासुद्धा. पुन्हा येणार असाल तर आधी फोन करा, मी आणि मामा दोघंही असू. फक्त रविवारी येऊ नका. ज्या दिवशी लोकांना सुट्टी असते त्याच दिवशी दालन बंद असतं. त्याबद्दल मी गेल्या महिन्यात अर्ज दिलाय. आवक क्रमांक पडलाय, शिक्का बसलाय, पोच माझ्या पाकिटात आहे.

आपला,
लेखक